इतिवृत्त कोण लिहितं?

(स्त्री-गटांच्या दोन दिवसांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

ओळख करून देताना संयोजक बाईंनी मला 'तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका' म्हटलं, तेव्हा मागच्या रांगेतल्या दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांचं बरोबर आहे. जेवणानंतरचं सत्र, बाहेर ऊन, आणि त्यात तत्त्वज्ञान! पण आज मी ब्रह्म आणि माया यांवर बोलणार नाही. मी बोलणार आहे बैठकीच्या वेळेबद्दल, वसतिगृहाच्या फाटकाबद्दल आणि इतिवृत्ताच्या वहीबद्दल. या तीन गोष्टी तुम्हा सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत.

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या कॉलेजातल्या चार मुली घरी आल्या. म्हणाल्या, "बाई, आम्हाला कॉलेजात तत्त्वज्ञानाचं चर्चामंडळ काढायचंय. पहिल्या बैठकीला विषय सुचवा." मी म्हटलं, "विषय नंतर बघू. आधी वेळ सांगा. किती वाजता जमणार आणि कुठे?" त्या हसल्या. त्यांना वाटलं, बाई निवृत्त झाल्या तरी वेळापत्रक सुटलं नाही. मी असं का विचारलं ते त्यांना सांगितलं, आणि आज तुम्हालाही सांगते.

१९७९ साली मी तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. ला विद्यापीठात आले. गावाकडून आलेली, आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. विभागात विद्यार्थ्यांचं एक मंडळ होतं. दर गुरुवारी सहा वाजता कुणीतरी निबंध वाचायचा, मग चर्चा. मला ते फार भव्य वाटायचं. वर्गात सर बोलायचे आणि आम्ही उतरून घ्यायचो. इथे मात्र कुणीही हात वर करून "मला हे पटत नाही" म्हणू शकत होतं. असं म्हणण्याची सवय मला घरात नव्हती, शाळेत नव्हती, देवळात तर नव्हतीच.

निबंध सातपर्यंत चालायचा. खरी चर्चा सातनंतर रंगायची. आणि आमच्या वसतिगृहात साडेसातला हजेरी. रेक्टर बाई फाटकाशी वही घेऊन उभ्या. त्यामुळे सात दहाला आम्ही तिघी मुली उठायचो. चपलांचा आवाज होऊ नये म्हणून त्या हातात घेऊन दारापर्यंत जायचो. मुलांच्या वसतिगृहाला हजेरी नव्हती. त्यांची चर्चा विभागातून चहाच्या टपरीवर आणि टपरीवरून कुणाच्या तरी खोलीवर जायची. पुढच्या गुरुवारी सुरुवात व्हायची ती "परवा टपरीवर आपलं ठरलं त्याप्रमाणे" अशी. 'आपलं' म्हणजे कुणाचं, असं आम्ही कधी विचारलं नाही.

माझं अक्षर चांगलं, म्हणून मला मंडळाची चिटणीस केलं. मला अभिमान वाटला. आईला पत्रात कळवलं. चिटणिसाचं काम काय, तर इतिवृत्त लिहायचं. पण सात दहानंतर मी तिथे नसायचेच. मग दुसऱ्या दिवशी मुलं मला सांगायची, कोण काय म्हणालं, आणि मी ते वहीत सुवाच्य अक्षरात उतरवायचे. ज्या चर्चेला मी हजर नव्हते, तिचं इतिवृत्त मी दोन वर्षं लिहिलं.

एक गुरुवार मला अजून आठवतो. विषय होता इच्छास्वातंत्र्य. माणूस जे करतो ते मोकळेपणाने करतो की सगळं आधीच ठरलेलं असतं, हा जुना प्रश्न. मी धीर करून विचारलं, "आपण नेहमी एकटा माणूस धरून चालतो. पण ज्याला 'नाही' म्हणण्याची सोयच नाही, त्याच्या 'हो'ला काय म्हणायचं?" सर म्हणाले, "हं, छान," आणि दुसऱ्या हाताकडे वळले. पंधरा मिनिटांनी एका मुलाने तोच मुद्दा इंग्रजीत मांडला आणि पुढे एका तत्त्ववेत्त्याचं नाव जोडलं. सरांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची पुढे ओढली. उरलेली सगळी चर्चा त्या मुद्द्यावर झाली.

त्या मुलाबद्दल माझी तक्रार नाही. त्याने माझं बोलणं ऐकलंही नसेल. माझी तक्रार वेगळीच आहे. त्या रात्री मी वही उघडली आणि लिहिलं, 'श्री. अमुक यांनी एक मूलभूत प्रश्न उपस्थित केला.' माझ्या हाताने, माझ्या अक्षरात. कुणी सांगितलं नव्हतं तसं लिहायला. मला खरंच वाटलं होतं की प्रश्न त्याने विचारला.

पुढे शिकवायला लागल्यावर मी अशा मंडळांचा इतिहास वाचला. मुली तत्त्वज्ञानात टिकत नाहीत, असं आमच्या विभागातही म्हणायचे आणि परदेशातही म्हणतात. कारण देतात ते मुलींच्या स्वभावाचं. इतिहास वाचल्यावर मला वाटलं, स्वभाव राहू द्या, आधी खोली बघा.

केंब्रिजचं उदाहरण घ्या. तिथला 'मॉरल सायन्सेस क्लब' हा तत्त्वज्ञानाचा क्लब १८७८ साली सुरू झाला आणि आजही चालू आहे. निबंध वाचायचा, मग चर्चा, आणि त्याचं इतिवृत्त ठेवायचं. आपल्याकडच्या विद्यापीठांतली मंडळं याच पठडीतली. त्याआधीची, १८२० साली निघालेली, 'अपॉसल्स' नावाची गुप्त मंडळी होती. तिच्यात तर १९७० च्या दशकापर्यंत बाईला प्रवेशच नव्हता. मॉरल सायन्सेस क्लब त्या मानाने उदार. डिसेंबर १८९९ मध्ये कॉन्स्टन्स जोन्स या बाईंनी तिथे निबंध वाचला. त्या क्लबात निबंध वाचल्याची नोंद असलेल्या त्या पहिल्या स्त्री. तर्कशास्त्रातल्या जाणकार, पुढे गर्टन या मुलींच्या कॉलेजच्या प्रमुख झाल्या.

पण त्या वेळी केंब्रिज मुलींना पदवी देत नव्हतं. मुली परीक्षेला बसत, पहिल्या वर्गात येत. जोन्सबाई स्वतः आल्या होत्या. पण पदवी नाही. १८९७ साली यावर मतदान झालं तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा भर चौकात टांगला आणि प्रस्ताव पडल्यावर जल्लोष केला. जोन्सबाईंनी निबंध वाचला तो त्यानंतर दोनच वर्षांनी. म्हणजे खोलीत बोलायला परवानगी, पण विद्यापीठात सभासदत्व नाही. केंब्रिजने मुलींना पूर्ण पदवी दिली १९४८ साली. आपला देश स्वतंत्र झाल्यानंतर!

याच क्लबातली एक संध्याकाळ जगभर गाजली. २५ ऑक्टोबर १९४६. किंग्ज कॉलेजातल्या एका खोलीत कार्ल पॉपर पाहुणे म्हणून आले होते. लुडविग विटगेन्स्टाइन हे तिथले बडं प्रस्थ. तत्त्वज्ञानात खरे प्रश्न असतात की ती नुसती भाषेची कोडी, यावर दोघांची जुंपली. विटगेन्स्टाइन यांनी शेकोटीतली लोखंडी सळई हातात घेतली आणि ती हलवत बोलू लागले. काही वेळाने ते निघून गेले. पॉपर म्हणाले, मला धमकावलं. इतर म्हणाले, छे, ती त्यांची बोलण्याची पद्धतच. खोलीत चांगले तीसेक विद्वान होते, पण काय घडलं यावर त्यांचं एकमत होईना. या दहाएक मिनिटांवर २००१ साली अख्खं पुस्तक निघालं, आणि त्याच्या नावातही ती सळई आहे.

विटगेन्स्टाइन यांची बुद्धी मोठी होती यात शंका नाही. पण त्यांच्या दबदब्यामुळे क्लबात इतरांना बोलायला जागा राहत नसे, आणि ब्रॉड यांच्यासारखे प्रस्थापित प्राध्यापक तिथे जायचे थांबले. प्राध्यापक थांबले तिथे पहिल्या वर्षाच्या मुलीचं काय झालं असेल? एक मुलगी मात्र त्यांची लाडकी होती, एलिझाबेथ अँस्कम. तिला ते कौतुकाने 'ओल्ड मॅन' म्हणत. बाई आवडली, पण पुरुष म्हणून हाक मारल्यावर! आपल्याकडे "ही आमच्यातली वाघ आहे" म्हणतात, त्यातलाच प्रकार.

आता ऑक्सफर्डला चला. १९४१ च्या अखेरीला समरव्हिल या मुलींच्या कॉलेजातल्या एका विद्यार्थिनीने तक्रार केली की देवाबद्दल शंका असलेल्यांचे प्रश्न इथे कुणी मोकळेपणाने चर्चेला घेतच नाही. तक्रार केली ती स्टेला ऑल्डविंकल या बाईंकडे. विद्यार्थ्यांमध्ये धर्मकार्य करणाऱ्या या बाई. त्यांनी मुलीला समजूत घालून परत पाठवलं नाही. नास्तिक, संशयी, धर्मावरचा विश्वास उडालेले, सगळ्यांनी यावं, अशी सूचना फळ्यावर लावली. जागा ठेवली मुलींच्याच कॉलेजात. त्यातून 'सॉक्रेटिक क्लब' निघाला, आणि १९४२ च्या जानेवारीत पहिली बैठक झाली. सी. एस. लुईस हे लेखक अध्यक्ष झाले. नियम साधा होता. एकाने निबंध वाचायचा, विरुद्ध मताच्या माणसाने उत्तर द्यायचं, मग सगळ्यांनी बोलायचं. विरोध हा कार्यक्रमाचाच भाग. विरोध करणाऱ्याला वेगळं धाडस करावं लागत नाही.

या क्लबात २ फेब्रुवारी १९४८ ला अँस्कम बोलायला उभ्या राहिल्या. वय अठ्ठावीस. लग्न झालेलं, पण नाव माहेरचंच ठेवलेलं. त्यांनी अध्यक्षांच्याच, लुईस यांच्या पुस्तकातल्या एका प्रकरणावर बोट ठेवलं. तुमचा युक्तिवाद इथे इथे कच्चा आहे, असं मुद्देसूद दाखवलं. पुढे काय झालं? १९६० साली पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा लुईस यांनी ते प्रकरण बदलून लिहिलं. अँस्कम यांनी नंतर नोंदवलं की ती शांतपणे झालेली चर्चा होती, आणि लुईस यांनी प्रकरण पुन्हा लिहिलं यात त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. पण लोकांनी आख्यायिका वेगळीच केली. एका बाईने लुईस यांना असं चिरडलं की ते पार खचून गेले म्हणे! म्हणजे दोन पुरुष सळई घेऊन भांडले तर तो तत्त्वज्ञानाचा इतिहास, आणि बाईने चूक दाखवली तर तो पुरुषाचा दुःखांत.

मुलींनो, अँस्कमबाई आपल्या बाजूच्या होत्या असं समजू नका. त्या कडव्या कॅथलिक. संततिनियमन आणि गर्भपात या प्रश्नांवर त्यांच्याशी आपण जन्मभर भांडलो असतो. पण हिरोशिमा-नागासाकीवर बॉम्ब टाकायचा निर्णय घेणाऱ्या ट्रूमन यांना ऑक्सफर्ड १९५६ साली मानद पदवी द्यायला निघालं, तेव्हा विद्यापीठाच्या सभेत उभं राहून विरोध करणाऱ्या याच बाई होत्या. उभं राहून बोलायची सवय कुठेतरी लागावी लागते.

अँस्कम, आयरिस मर्डोक, फिलिपा फूट, मेरी मिजली. चौघी ऑक्सफर्डला साधारण एकाच काळात शिकल्या आणि चौघींनी नाव काढलं. असं कसं झालं? मिजलीबाईंनी २०१३ साली 'गार्डियन' वर्तमानपत्राला पत्र लिहून याचं उत्तर दिलं. युद्धामुळे मुलगे कमी होते, वर्गात बोलायला जागा होती. पण दोष मुलग्यांचा नाही, असंही त्या म्हणाल्या. दोष आहे वाद जिंकण्याच्या खेळाचा. हुशार तरुण एकमेकांना हरवायला बसले की प्रश्न बाजूला राहतो. युद्धानंतर या चौघी फूटबाईंच्या घरी जमत आणि त्या काळच्या नीतिशास्त्राला उत्तर शोधत. त्यातल्या मिजलीबाईंचं पहिलं पुस्तक १९७८ साली आलं, साठीच्या उंबरठ्यावर. तेव्हा ज्यांना वाटतं आपलं वय गेलं, त्यांनी हे लक्षात ठेवा.

तुम्ही म्हणाल, ही साहेबाच्या देशातली गोष्ट. मग आपल्या मुंबईची सांगते. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. निबंध वाचायचे, चर्चा करायची. स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला गेला, आणि ही पोरं नुसती बोलून थांबली नाहीत. १८४९ साली त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि स्वतः तिथे शिकवलं. चर्चामंडळातून इतकं प्रत्यक्ष काम क्वचितच होतं. मला त्या विद्यार्थ्यांबद्दल आदर आहे. पण चर्चेच्या त्या खोलीत मुलगी नव्हती. तिच्याबद्दल बोलणं झालं, तिच्याशी नाही. पुण्यात त्याच सुमारास, १८४८ साली, जोतिरावांच्या शाळेत सावित्रीबाई स्वतः शिकवायला उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने १८५५ साली निबंध लिहून विचारलं की आमचा धर्म कोणता? हा तत्त्वज्ञानाचाच प्रश्न, आणि तो एका शाळकरी मुलीने विचारला. मला या दोन्ही गोष्टी एकत्र आठवतात. मुलींसाठी शाळा काढणं हे एक काम, आणि मुलीचा प्रश्न ऐकून घेणं हे दुसरं.

आता परत माझ्या वसतिगृहाकडे येते.

गुरुवारचं मंडळ आम्हाला सात दहाला बाहेर काढायचं. मग आम्ही रविवारी दुपारी गच्चीवर जमायला लागलो. न्हायलेले केस वाळवायला सगळ्या तिथेच यायच्या. सात-आठ जणी. तत्त्वज्ञानाच्या दोघीच. बाकी कुणी मराठीची, कुणी रसायनशास्त्राची, एक गृहविज्ञानाची. त्या गटाला नावही नव्हतं.

एका रविवारी बीडकडची एक मुलगी म्हणाली, "मला विचारलं होतं. मुलगा पसंत आहे का म्हणून. मी हो म्हणाले. पण नाही म्हणाले असते तर पुढं काय, ते कुणी सांगितलंच नव्हतं. मग ते हो माझं होतं का?" कुणी काही बोललं नाही. मला माझाच प्रश्न आठवला, गुरुवारच्या वहीत दुसऱ्याच्या नावावर लिहिलेला.

१९८० सालचे ते दिवस. मथुरा प्रकरण तेव्हा पेटलेलं होतं. इथल्या तरुण मैत्रिणींसाठी थोडक्यात सांगते. १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, म्हणजे तिची संमती होती, असा तर्क. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. आमच्या गच्चीवर त्याची सायक्लोस्टाइल केलेली प्रत कुणीतरी आणली होती. शाई पुसट, वाचताना डोळे ताणावे लागायचे. इंग्रजी आम्ही तीन रविवार लावून समजून घेतलं. त्या पत्राचा गाभा एका भेदात होता. संमती वेगळी आणि मुकाट्याने शरण जाणं वेगळं. मान तुकवली म्हणजे होकार दिला असं होत नाही.

मैत्रिणींनो, हा भेद करणं म्हणजे तत्त्वज्ञान. दोन गोष्टी एकसारख्या दिसतात, त्या वेगळ्या आहेत हे कारणासह दाखवायचं. आणि या भेदावर एका मुलीला न्याय मिळणं-न मिळणं अवलंबून होतं. ८ मार्च १९८० ला देशात ठिकठिकाणी बायका रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्कारात संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाईने "माझी संमती नव्हती" असं न्यायालयात सांगितलं, तर संमती नव्हती असंच धरून चालायचं, असं ठरलं. २०१३ च्या दुरुस्तीत तर स्पष्टच लिहिलं की शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती ठरत नाही. मथुराला मात्र यातलं काही मिळालं नाही, हेही विसरायला नको.

आम्ही ठरवलं, हा विषय गुरुवारच्या मंडळात न्यायचा. 'संमती आणि शरणागती' असा निबंध मी लिहिला. मंडळाच्या अध्यक्ष असलेल्या मुलाने सरांना विचारलं. उत्तर आलं, "विषय महत्त्वाचा आहे, पण सामाजिक आहे. आपल्या मंडळात शुद्ध तत्त्वज्ञानाचे विषय घेतो." त्या गुरुवारी पुन्हा इच्छास्वातंत्र्यावर निबंध झाला. मी इतिवृत्त लिहिलं. सात दहाला उठले. त्यानंतर मी चिटणीसपद सोडलं आणि गुरुवारी गच्चीवरच बसायला लागले. आज वाटतं, सोडायला नको होतं. वहीत निदान एक ओळ लिहायला हवी होती की अमुक विषयावरचा अमुक हिचा निबंध मंडळाने नाकारला. नाकारल्याचीही नोंद लागते. नोंद नसली की पुढच्या पिढीला वाटतं, कुणी विचारलंच नव्हतं.

इथपर्यंत बोलणं सोपं होतं, कारण चूक दुसऱ्यांची होती. आता आपल्या घरात येते.

नव्वदीच्या दशकात आमच्या तालुक्याच्या गावी आम्ही बायकांचा वाचनगट चालवत होतो. महिन्याला एक लेख. वाचन मी करायचे, समजावून मी सांगायचे. एक दिवस आमच्यातली एक दलित कार्यकर्ती मैत्रीण म्हणाली, "बाई, एक सांगू का? तुमच्या बैठकीत मी नेहमी उदाहरण असते. सिद्धांत तुम्ही सांगता आणि मग म्हणता, आता तू तुझा अनुभव सांग. सिद्धांत मला कधी विचारणार?"

मला राग आला. खोटं कशाला सांगू? घरी जाऊन रडलेही. मग ती गुरुवारची वही आठवली आणि कळलं, या बैठकीतली सरांची खुर्ची मी घेतली होती. १९९५ साली गोपाळ गुरू यांनी दलित स्त्रियांचा आवाज वेगळा का आहे यावर लिहिलं, १९९८ साली शर्मिला रेगे यांनी ती चर्चा स्त्री-चळवळीच्या दारात आणली. पुढे २००२ साली गुरू यांनी लिहिलं की आपल्याकडे सिद्धांत मांडण्याचा मान काहींचा आणि अनुभवाचा कच्चा माल पुरवणं बाकीच्यांचं, अशी ज्ञानातही वर्णव्यवस्था आहे. तो लेख वाचताना मला आमच्या मैत्रिणीचंच बोलणं ऐकू आलं. तिने ते आधी सांगितलं होतं, आणि आमच्या गटाच्या वहीत तेही लिहिलेलं नव्हतं.

म्हणून नवं मंडळ काढणाऱ्या मुलींना मी आधी वेळ विचारते. वेळ अशी हवी की शेवटची एसटी पकडणारी मुलगीही शेवटपर्यंत बसेल. हे बारीकसारीक काम वाटेल, पण २०१५ साली दिल्लीत मुलींनी 'पिंजरा तोड' म्हणत आंदोलन केलं ते वसतिगृहाच्या याच वेळांवरून. जागा कॉलेजातलीच हवी, आणि वेळ संपली की चर्चा संपली. टपरीवर काय बोलायचं ते बोला, पण ठरवायचं नाही. आधी बोललेल्याने दुसऱ्यांदा बोलण्यापूर्वी सगळ्यांची एकेक पाळी होऊ द्यायची. नवीन मुद्दा मांडण्याआधी मागचीचा मुद्दा तिच्या नावासकट आपल्या शब्दांत सांगायचा, आणि ती "हो, मला हेच म्हणायचं होतं" म्हणाली की मगच पुढे जायचं. मराठीत, आपल्या बोलीत प्रश्न विचारला म्हणून तो लहान होत नाही. आणि इतिवृत्त पाळीपाळीने लिहायचं, मुलगे असतील तर त्यांनीही. वाचून दाखवायचं, चुकलं तर तिथेच दुरुस्त करायचं. चहाचंही तसंच!

एक अडचण प्रामाणिकपणे सांगते. असे गट नेहमी सुखाने चालत नाहीत. मद्रासच्या आयआयटीत आंबेडकर-पेरियार अभ्यासमंडळाची मान्यता २०१५ च्या मे महिन्यात काढून घेतली होती. देशभर ओरड झाली तेव्हा जूनमध्ये परत दिली. विद्यार्थी एकत्र बसून वाचतात आणि प्रश्न विचारतात याची भीती वाटते, कारण तिथे 'नाही' म्हणण्याचा सराव होतो. मुलींना तर हा सराव दुसरीकडे कुठे मिळतच नाही. बाकीच्या सगळ्या जागा त्यांच्याकडून 'हो' शिकवून घेतात.

त्या चार मुली परवा पुन्हा आल्या होत्या. त्यांनी वेळ ठरवली आहे. बुधवारी दुपारी दीड ते तीन, कारण खालच्या वाडीची एसटी साडेतीनला सुटते. जागा ग्रंथालयामागची खोली. विषयही त्यांनीच ठरवला, 'नाही म्हणता येत नसेल तर हो म्हणजे काय?' मी त्यांना यातलं काही सांगितलं नव्हतं, माझा गुरुवारही नाही आणि गच्चीही नाही. तो त्यांचाच प्रश्न आहे. मी एवढंच म्हटलं, वहीत विचारणारीचं नाव आधी लिहा.

तुमच्या गटाची वही तुम्ही आज घरी गेल्यावर एकदा उघडून बघा. कुणाकुणाची नावं आहेत, आणि कुणाची नाहीत. मग उद्या सकाळच्या सत्रात त्यावर बोलू.